मोत्तारोनेचा रज्जुमार्ग

इटलीच्या उत्तरेस, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, माज्जोरे नावाचे एक लांबट सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे ६५ किलोमीटर. वरचे टोक स्वित्झर्लंडच्या हद्दीत शिरते, उरलेले पाणी इटलीचे. ह्या सरोवराच्या पश्चिम काठावर स्त्रेझा हे टुमदार गाव वसले आहे आणि गावाच्या पाठीशी मोत्तारोने हा डोंगर उभा आहे. त्याची उंची १,४९१ मीटर. आल्प्सच्या बड्या शिखरांपुढे हा डोंगर म्हणजे थोरल्या भावंडांच्या रांगेतील शेंडेफळच म्हणावयाचे. परंतु तो दोन सरोवरांच्या मधोमध एकटा उभा असल्यामुळे त्याच्या माथ्यावरून जे दृश्य दिसते ते थोरल्यांच्याही वाट्यास आलेले नाही. पूर्वेस माज्जोरे, पश्चिमेस ओर्ता, दक्षिणेस लोंबार्दीचे सपाट मैदान आणि दूरवर मोंते रोझाचे कधीही न वितळणारे पांढरे शिखर. स्वच्छ दिवशी येथून सात सरोवरे दिसतात, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. मी गेलो त्या दिवशी हवा धुरकट होती आणि चारांच्या पुढे माझी मोजणी गेली नाही.

उन्हाळ्यात इटलीतील कित्येक धर्मगुरू विश्रांतीसाठी सुटीवर जातात आणि त्यांच्या गावांतील मिस्सा चालू राहाव्यात म्हणून परदेशांतील धर्मगुरू महिना-दीड महिना तेथे जाऊन राहतात. अशाच एका बदलीच्या कामासाठी २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात मी नोवारा धर्मप्रांतातील एका लहान गावी होतो. तेथून हा डोंगर फार दूर नाही. एका मोकळ्या मंगळवारी तो पाहावयास गेलो.

हा सारा मुलूख कॅथलिक भक्तीने भारलेला आहे. सरोवराच्या दक्षिणेस आरोना नावाचे शहर आहे. तेथील किल्ल्यात १५३८ साली संत चार्ल्स बोरोमेओ जन्मास आले. पुढे ते मिलानचे आर्चबिशप झाले. १५७६ च्या प्लेगात शहरातील मोठमोठे अधिकारी पळून गेले असता ते मात्र रोग्यांमध्ये राहिले. आरोनाच्या टेकडीवर त्यांचा तांब्याच्या पत्र्याचा प्रचंड पुतळा आहे. तो १६९८ साली पुरा झाला. चौथऱ्यासह त्याची उंची सुमारे ३५ मीटर भरते आणि आतील शिडीने चढून गेल्यास संतांच्या डोळ्यांतून सरोवर पाहता येते. आम्हां धर्मगुरूंना हे संत विशेष जवळचे. कारण ट्रेंटच्या धर्मसभेने सेमिनरी स्थापण्याचा जो नियम केला तो प्रत्यक्षात आणून दाखविणाऱ्यांत ते आघाडीवर होते. त्यांची आणखी एक ख्याती आहे आणि ती पुढे सांगावयाच्या हकीकतीशी जुळते म्हणून येथे नमूद करतो. ते कडक तपासनीस होते. आपल्या अफाट धर्मप्रांतातील डोंगराळ खोऱ्यांत ते स्वतः चढून जात आणि गावोगावची चर्चे पाहत. नुसते पाहून समाधान मानीत नसत. बाप्तिस्म्याच्या पाण्याचे झाकण नीट बसते काय, नोंदवहीत नोंदी वेळच्या वेळी होतात काय, वेदीवरील वस्त्र फाटके तर नाही ना, हे सर्व ते जातीने तपासीत. अनेक गावांना त्यांचे येणे नकोसे होत असावे, असा माझा तर्क आहे.

स्त्रेझा गावातच धन्य आन्तोनियो रोझमिनी ह्यांची समाधी आहे. हे तत्त्वज्ञ धर्मगुरू १८५५ साली येथे निवर्तले. हयातीत आणि मृत्यूनंतरही त्यांच्या लिखाणावर संशय घेतला गेला. तो दूर होण्यास फार वर्षे लागली आणि २००७ साली नोवारा येथे त्यांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले. डोंगराच्या पलीकडच्या अंगास, ओर्ता सरोवराकाठी, असिसीच्या संत फ्रान्सिसचे जीवन दाखविणारी वीस कपेले एका टेकडीवर बांधलेली आहेत. भाविक एकामागून एक कपेलांत थांबत टेकडी चढतात.

डोंगराच्या उतारावरील गावे मात्र पूर्वी फार गरीब होती. जमीन थोडी, थंडी फार. म्हणून जिन्येझे आणि आसपासच्या गावांतील पुरुष पाठीवर पेटी घेऊन छत्र्या बनवीत आणि दुरुस्त करीत दूरदूरच्या शहरांत हिंडत. आपापसात बोलण्यासाठी त्यांनी एक सांकेतिक भाषाही रचली होती. लहान मुलगे शिकाऊ म्हणून बापाच्या किंवा उस्तादाच्या मागोमाग चालत. आपल्याकडील कल्हईवाले किंवा चाकूला धार लावणारे डोळ्यांसमोर आणावेत. जिन्येझे येथे १९३९ पासून छत्र्यांचे एक संग्रहालय आहे. जगात असे दुसरे क्वचितच असेल. रेशमी झालरीच्या आणि हस्तिदंती मुठीच्या श्रीमंत छत्र्या तेथे मांडल्या आहेत. त्या शिवणारांच्या बोटांना किती सुया टोचल्या असतील ह्याची मात्र गणती कोणी ठेवलेली नाही.

ह्या गरिबीतून डोंगर वर आला तो प्रवाशांमुळे. १९११ साली स्त्रेझाहून माथ्यापर्यंत दातेरी रुळांची विजेवर चालणारी आगगाडी सुरू झाली. उन्हाळ्यात शहरी लोक हवा खाण्यासाठी येऊ लागले आणि हिवाळ्यात बर्फावर स्की खेळण्यासाठी. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा हा खेळ आपल्याकडील वाचकांनी काश्मीरच्या चित्रांत पाहिला असेल. मिलान आणि नोवारा येथील कुटुंबांना मोत्तारोने हा घराजवळचा बर्फ होता. कित्येकांची मुले येथेच प्रथम स्कीवर उभी राहिली व पडली. १९६३ साली ती आगगाडी बंद करण्यात आली. तिच्या जागी रज्जुमार्ग, ज्याला आपण बोलताना रोपवे म्हणतो तो, बांधण्यात आला आणि १ ऑगस्ट १९७० रोजी तो लोकांसाठी खुला झाला. स्त्रेझाच्या काठावरून निघून मध्ये अल्पिनो येथे डबा बदलावयाचा आणि पुढच्या टप्प्याने माथ्याजवळ उतरावयाचे. सरोवर पायांखाली लहान लहान होत जाई आणि सुमारे वीस मिनिटांत माणूस उन्हाळ्यातून गारव्यात पोचे.

अशा रज्जुमार्गाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढील गोष्ट कळावयाची नाही. त्यात दोन प्रकारचे पोलादी दोर असतात. एक जाड दोर खांबांवरून ताणून बसविलेला असतो. तो हलत नाही. डबा त्याच्यावर चाकांनी टांगलेला असतो. ह्याला धारक दोर म्हणू. दुसरा त्याहून बारीक, तो डब्याला वर ओढतो. हा ओढीचा दोर. एका टप्प्यावर दोन डबे असतात आणि विहिरीच्या रहाटावरील दोन पोहऱ्यांप्रमाणे एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. आता समजा, ओढीचा दोर तुटला. डबा धारक दोरावरून खाली घसरू लागेल. तसे होऊ नये म्हणून प्रत्येक डब्यावर ब्रेक बसविलेला असतो. ओढीच्या दोरातील ताण गेला की त्याचे जबडे आपोआप मिटतात, धारक दोराला घट्ट पकडतात आणि डबा जागच्या जागी लोंबकळत राहतो. आतील माणसे घाबरतील, चार तास ताटकळतील, पण जिवंत राहतील. म्हणजे डब्यातल्या जिवांना दोन राखणदार आहेत. एक ओढीचा दोर, जो तुटू नये. आणि दुसरा ब्रेक, जो दोर तुटल्यावर धावून यावा.

रविवार, २३ मे २०२१. तो पेंटेकॉस्टचा, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण होता. महासाथीमुळे महिनोन् महिने बंद असलेला रज्जुमार्ग एप्रिलच्या अखेरीस पुन्हा सुरू झाला होता. हवा स्वच्छ होती आणि घरांत कोंडून राहिलेली माणसे मोकळ्या आकाशासाठी आसुसलेली होती. दुपारी साडेबाराच्या सुमारास पंधरा जणांना घेऊन एक डबा वरच्या स्थानकाच्या अगदी जवळ, जवळजवळ दारातच, पोचला. तेवढ्यात ओढीचा दोर तुटला. डबा मागे फिरला, उतारावरून धारक दोरावर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने घसरत गेला, एका खांबापाशी दोरावरून उसळला आणि खालच्या रानात कोसळून गडगडत गेला. चौदा जण मृत्यू पावले. त्यांत दोन लहान मुले होती. एक पाच वर्षांचा मुलगा तेवढा वाचला. त्याचे आईबाप, धाकटा भाऊ आणि पणजोबा-पणजी त्याच डब्यात होती आणि ती सर्व गेली. पडताना बापाने त्याला छातीशी कवटाळले असावे, म्हणून तो वाचला, असे त्या वेळी सांगितले गेले. त्या मुलाचे नाव वर्तमानपत्रांनी जगभर नेले. मी ते येथे देत नाही. त्याला निवांतपणे मोठे होऊ द्यावे. तत्कालीन परमगुरू फ्रान्सिस ह्यांनी नोवाराच्या बिशपांना तार पाठवून मृतांसाठी प्रार्थना व आप्तांविषयी सहवेदना कळविली.

ज्या गावी मी राहत होतो तेथील चर्चची किल्ली सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. पेशाने सुतार. लहानपणी त्या दातेरी आगगाडीतून ते माथ्यावर गेले होते. मी डोंगरावर जाऊन आलो असे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फादर, त्या दिवशी आम्ही मिस्सा आटोपून जेवायला बसत होतो. हेलिकॉप्टरे जाऊ लागली. बायको म्हणाली, कोणी गिर्यारोहक पडला असेल. मग तिसरे गेले, चौथे गेले. तेव्हा तिने ताट बाजूला सारले.”

दोर तुटला हे दुर्दैव झाले. पण ब्रेक का लागला नाही? तीन दिवसांच्या आत उत्तर मिळाले आणि ते ऐकून इटली हादरली. ब्रेक लागला नाही कारण तो लागू नये अशी व्यवस्था माणसाच्या हाताने केलेली होती. तेथील कामगार एका तांबड्या, दुशाखी लोखंडी चिमट्याला फोर्केत्तोने म्हणतात, म्हणजे मोठा काटा. डबा रिकामा असताना, चाचणीच्या वा दुरुस्तीच्या वेळी, ब्रेकचे जबडे मिटू नयेत म्हणून तो त्यांत अडकवितात. काम झाले की काढून ठेवावयाचा आणि डब्यात एकही माणूस असताना तो तेथे असता कामा नये, हा नियम. त्या रविवारी तो तेथेच होता. तपासात असे पुढे आले की त्या ब्रेकमध्ये काही बिघाड होता आणि तो कारण नसताना मध्येच लागून डबा अडकवून ठेवीत असे. डबा अडकला की लोक ओरडणार, तिकिटाचे पैसे परत करावे लागणार, दुरुस्तीसाठी रज्जुमार्ग बंद ठेवावा लागणार. आणि महासाथीने आधीच रोजगार बुडालेला. म्हणून काटा अडकवून डबे चालू ठेवले होते, आणि तेही त्या एका दिवशी नव्हे. व्यवस्थेतील तिघांना अटक झाली. कोणाचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे आणि मी त्यात शिरत नाही.

पुढे न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी तुटलेल्या दोराचे टोक तपासले. त्यांचा अहवाल २०२२ साली, मी परत आल्यानंतर, बाहेर आला. जेथे ओढीचा दोर डब्याला जोडलेला असतो तेथील दोन तृतीयांशाहून अधिक तारा त्या रविवारच्या आधीच, एकेक करीत, झिजून तुटलेल्या होत्या. पोलादी दोर म्हणजे बारीक तारांचा पीळ असतो. तो एका क्षणी तुटल्यासारखा दिसतो, पण खरे पाहता फार दिवस तुटत असतो. नियमाप्रमाणे त्या जागेची वेळोवेळी पाहणी झाली असती तर तुटलेल्या तारा डोळ्यांना दिसल्या असत्या, असे तज्ज्ञांचे मत पडले.

येथे मला संत चार्ल्स आठवल्यावाचून राहवेना. ज्या सरोवराच्या काठी जातीने तपासणी करणाऱ्या संताचा एवढा उंच पुतळा उभा आहे, त्याच सरोवरावरच्या डोंगरात एक दोर तुटत होता आणि तेथे पाहणारा डोळा पोचला नाही. ही केवळ पैशाच्या लोभाची गोष्ट आहे, असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. लोभ त्यात होता ह्यात शंका नाही. पण चौदा माणसे मारावीत असे कोणाच्याही मनात नव्हते. मला त्यात निराळेच काही दिसते आणि ते लोभाहून अधिक आपल्या घरातले आहे. ज्यांनी काटा अडकविला त्यांची खात्री होती की ओढीचा दोर तुटत नसतो. आजवर तुटला नाही, उद्या कशाला तुटेल? दोर मजबूत आहे, म्हणून ब्रेकची निकड नाही. आणि दोराची पाहणी करणाऱ्याला वाटले असेल की काही झालेच तर ब्रेक आहेच. दोन राखणदार असले की दोघेही झोपतात, कारण दुसरा जागा आहे असे प्रत्येकाला वाटते. संयुक्त कुटुंबात विहिरीवर खेळणाऱ्या पोरावर लक्ष ठेवावयास सहा मोठी माणसे असतात आणि तरीही पोर पाण्यात पडते. हे आपण पाहिलेले नाही काय?

आणि त्या ब्रेकची कीव येते. तो बिचारा चुकून का होईना, पण थांबवीत होता. रात्री उगाच भुंकणाऱ्या कुत्र्याचा आपल्याला वैताग येतो. कंटाळून कोणी त्याचे तोंड बांधले तर झोप छान लागते. घरात सारख्या सूचना देणाऱ्या आजीचे बोलणेही असेच नकोसे वाटते. ब्रेक विनाकारण लागतो तर तो दुरुस्त करावयाचा की गप्प करावयाचा, एवढाच प्रश्न त्या माणसांपुढे होता. दुरुस्तीला पैसा आणि दिवस लागणार होते. गप्प करण्यास एक काटा पुरला.

अशा प्रसंगी कोणी विचारतो की पवित्र आत्म्याच्या सणाच्या दिवशी देवाने हे का होऊ दिले. मलाही तेथे एका तरुण आईने विचारले. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली त्यांचा उल्लेख करून, ती माणसे इतरांहून अधिक पापी होती ही समजूत प्रभूंनी स्पष्ट शब्दांत खोडून काढली, हे संत लूकच्या शुभवर्तमानात आहे. मी त्या आईला एवढेच म्हणालो की दुःखाच्या पुष्कळ गोष्टी आपल्याला कळत नाहीत हे खरे. पण हा काटा कोणी अडकविला हे आपल्याला कळले आहे. माणसाने केलेले देवाच्या खात्यावर मांडू नये. तिचे समाधान झाले असे मला वाटले नाही. ती म्हणाली, “पण लहान मुले, फादर.” त्यावर माझ्यापाशी बोलण्यासारखे काही नव्हते आणि मी तसा आवही आणला नाही.

इटलीला ही गोष्ट सर्वस्वी नवी नव्हती. ९ मार्च १९७६ रोजी त्याच देशात, काव्हालेझे येथील चेर्मिस डोंगरावर, स्की खेळणाऱ्यांच्या रज्जुमार्गाचे दोन पोलादी दोर एकमेकांवर चढले, एकाने दुसऱ्याला कापले आणि डबा खाली पडून त्रेचाळीस माणसे मेली. एक चौदा वर्षांची मुलगी तेवढी वाचली. तेथेही, ज्या स्वयंचलित साधनाने डबा थांबला असता ते बंद करून ठेवलेले होते, असे चौकशीत निघाले आणि चौघांना तुरुंगवास झाला. पंचेचाळीस वर्षांत यंत्रे बदलली, दोर बदलले. गप्प करण्याची रीत मात्र तीच राहिली. आणि आपण परक्यांकडे बोट दाखवावे असेही नाही. बडोद्याकडील वाचकांना पावागड ठाऊकच आहे. तेथे २००३ साली रोपवेच्या अपघातात यात्रेकरू दगावले आणि २०२५ च्या सप्टेंबरात सामान वाहणाऱ्या रोपवेचा दोर तुटून सहा जण मृत्यू पावले. त्या अपघातांची कारणे निराळी असतील. मी त्यांची तुलना करीत नाही. मात्र घाटातून उतरणाऱ्या ट्रकच्या मागे ‘ब्रेक’ हा शब्द रंगविलेला असतो आणि आत तो असतोच असे नाही, हे चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या वाटेने जाणारा कोणीही सांगेल.

त्या रविवारनंतर मोत्तारोनेच्या रज्जुमार्गावरून एकही प्रवासी वर गेला नाही. १९७० पासून जवळजवळ एक्कावन्न वर्षे चाललेला हा मार्ग तेथेच संपला. मधल्या काळात, २०१४ ते २०१६, तो दुरुस्तीसाठी बंद ठेवून पुन्हा सुरू केला होता. म्हणजे म्हातारा झाला म्हणून त्याला रजा दिली असे नव्हे, त्याच्यावर पुन्हा भरवसा टाकला होता. स्त्रेझाच्या काठावरील स्थानकाला मी गेलो तेव्हा कुलूप होते. वाऱ्याने आणलेली पाने दारापाशी साचली होती. समोर सरोवरावर बोरोमेओ घराण्याची सुंदर बेटे उन्हात चमकत होती आणि नावाडी प्रवाशांना हाका मारीत होते. कोणी जर्मन कुटुंब आले, दाराशी उभे राहून कुलुपाकडे पाहिले, बापाने मुलांना हळू आवाजात काही सांगितले आणि ती सर्व परत फिरली.

वर मोटारीने जावे लागले. अल्पिनोपासून माथ्यापर्यंतची सडक आजही त्या बोरोमेओ घराण्याच्या मालकीची आहे आणि पैसे भरून जावे लागते. कुलीन घराण्याने सडकेवर नाका ठेवावा ह्याचे मला हसू आले, पण सडक उत्तम राखलेली आहे हेही सांगितले पाहिजे. अल्पिनोजवळ १९३४ साली स्थापलेली डोंगरी वनस्पतींची एक बाग आहे. तेथे अर्धा तास बसलो. माथ्याकडे जाताना रानात, जेथे तो डबा पडला त्या बाजूस, एका झाडाच्या मुळाशी कोणी फुले आणि विझलेल्या मेणबत्त्या ठेवल्या होत्या. मृतांसाठी ‘आमच्या बापा’ म्हटली, एक ‘नमो मरिया’ म्हटली. त्यांतील कित्येक ख्रिस्ती नव्हते. प्रार्थनेला त्याची अडचण नसते.

माथ्यावरच्या एका खाणावळीत सूप घेतले. मालकीणबाई मोकळ्या बोलणाऱ्या होत्या. पूर्वी रविवारी बसायला जागा मिळत नसे, आता मोटारी येतात तेवढेच गिऱ्हाईक; हिवाळ्यात बर्फ पडले तर स्कीवाले येतात, न पडले तर तेही नाहीत, आणि हल्ली बर्फाचा नेम राहिलेला नाही. नवा रज्जुमार्ग व्हावा असे वाटते काय, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “व्हावा. डोंगराला जगायचे आहे. पण मी त्यात बसणार नाही.” जवळच बसलेला त्यांचा मुलगा म्हणाला, “मी बसेन. आता पाहिल्याशिवाय कोणी सोडायचा नाही.” आईने त्याच्याकडे पाहिले आणि उत्तर दिले नाही. हिशेब करून मला चिल्लर परत दिली.

ज्यांना मोत्तारोने चढावयाचा असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. स्त्रेझाहून माथ्यापर्यंत पायवाट आहे आणि ती अल्पिनोवरून जाते. चढ सुमारे तेराशे मीटरांचा. चालण्याची सवय असलेल्यास चार तास पुरतात, वयस्करांनी पाच धरावेत. खालच्या रानात सावली आहे, वरच्या गवताळ उतारावर नाही. पाणी जवळ असू द्यावे आणि बूट घट्ट असावेत. ऑगस्टमध्ये दुपारनंतर ढग एकाएकी जमतात. तेथे कोणी छत्री बाळगीत नाही, अंगरखे घालतात; मी जिन्येझेच्या संग्रहालयाबाहेरून एक साधी काळी छत्री विकत घेतली होती, ती उतरताना उपयोगी पडली.